सर्वांत बिघडलेली शिदोरी

डॉ. नजमा तडवींनी केळीचं खोड आडवं कापलं आणि सुरी टेबलावर आपटली. पांढऱ्याशुभ्र गाभ्यात तपकिरी कडं उमटलं होतं. शंकेला जागाच नव्हती.

"ही पण गेली," त्या म्हणाल्या. "आणि हे मूळरक्षक लावलेलं झाड आहे बरं का, हेमांगी. आपल्याच आवारातलं."

हेमांगी फिरकेनं वाकून तो काप निरखला. ती काही बुरशीची तज्ज्ञ नव्हे. सावद्याच्या तापी जैवरचना संस्थेत ती माजी विद्यार्थी आणि स्वयंसेवक विभाग सांभाळायची. पण केळीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ते कडं ओळखायला पदवी लागत नाही. मर रोग! आधी पानं पिवळी पडतात, मग झाड उभ्या उभ्या वाळतं, आणि त्या जमिनीत पुन्हा केळीचं नाव काढायचं नाही.

हा रोग संपला असं सगळ्या जगानं गृहीत धरलं होतं, ते या संस्थेच्या जिवावर. जिवंत पेशीतली जनुकं हवी तशी जुळवून नवा गुण असलेला जीव घडवायचा, हे जैवरचनेचं काम. संस्थेनं घडवलेला मूळरक्षक नावाचा जीवाणू केळीच्या मुळांशी राहायचा आणि एक प्रथिन सोडून रोगाच्या बुरशीची भिंत विरघळवून टाकायचा. बरीच वर्षं हे छान चाललं. आता बुरशीनं आपली भिंतच बदलली होती.

संचालक डॉ. विश्राम घारपुरे यांनी तातडीची बैठक बोलावली. घारपुरे म्हणजे शास्त्रज्ञ पहिल्या दर्जाचे, पण माणूस कसा, तर शर्टाइतकाच स्वभावही इस्त्री केलेला. कार्यपद्धती लिहून हातात असल्याशिवाय त्यांनी आयुष्यात चहासुद्धा केला नसेल.

"मूळरक्षकाची मूळ प्रत आपल्या अतिशीतकोशात सुरक्षित आहे ना?" त्यांनी विचारलं.

"सुरक्षित आहे, आणि म्हणूनच निरुपयोगी आहे," नजमा म्हणाल्या. "सर, जगभरच्या मातीतला प्रत्येक मूळरक्षक त्या एकाच पेशीची नक्कल आहे. आपल्या कारखान्यातूनच गेलाय तो. केळीचंही तेच. बी नाही, कंद लावायचा, म्हणजे बागच्या बाग एका झाडाच्या नकला. अख्ख्या गावानं दाराला एकच कुलूप लावलंय म्हणा ना. चोराला एक किल्ली सापडली, की गाव मोकळं."

"नवं प्रथिन रचायला किती वेळ लागेल?"

"घाई केली तरी दोन वर्षं. आणि बुरशी येत्या हंगामात सगळीकडे पोचेल."

घारपुरेंनी चष्मा काढून पुसला. "मग सगळी माणसं आणि सगळी यंत्रं त्याच कामाला लावा. फिरके मॅडम, तुमचा विभाग या महिन्याअखेर बंद करावा लागेल. वाईट वाटतं, पण घर पेटलं असताना जुन्या विद्यार्थ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवत बसता येणार नाही."

हेमांगीला संताप आला. वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणे! संस्थेत दरवर्षी जैवरचनेचं शिबिर भरायचं. देशोदेशीची मुलं यायची, शिकायची आणि परत जाऊन आपापल्या गावी फुकट प्रयोगशाळा चालवायची. पेरू देशात एखादीचा प्रयोग अडला की केनियातला कुणी उत्तर द्यायचा, तेही हातचं काम टाकून. हे जाळं हेमांगीनं ऐन उमेदीची वर्षं घालून विणलं होतं. निरोपाच्या दिवशी प्रत्येकाला ती मूळरक्षकाची एक नळी द्यायची. त्या नळीला सगळे शिदोरी म्हणत, आणि म्हणून ही सगळी मंडळी शिदोरीकर. नळी देताना शपथ असायची : थंडीत ठेवीन, उघडणार नाही, काही मिसळणार नाही. आणि महिन्याअखेर हे सगळं बंद!

बाहेर आल्यावर तिनं नजमांना गाठलं. "एक सांग. अतिशीतकोशातला जीवाणू बदलत नाही, कारण तो झोपलेला असतो. पण एखादी नळी जागी राहिली असेल तर?"

"तर बदलणारच. पेशी विभागली की जनुकांची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात. पण नळीत शेजारी भलती बुरशी येऊन बसली, तर तिला मारायला जी चूक उपयोगी पडेल ती टिकते. त्याचं हत्यार, म्हणजे ते प्रथिन, बदलतं, अगं. वर्षानुवर्षं असं चाललं तर हजारो पिढ्या होतात. पण तुझे लोक शपथ पाळणारे. तुझ्या नळ्या स्वच्छ असणार."

"माझे लोक?" हेमांगीला हसू फुटलं. "बघूच."

तिनं जगभरच्या शिदोरीकरांना निरोप धाडला : तुमची शिदोरी कशी आहे, खरं खरं कळवा. उत्तरं भराभर आली, आणि सगळी एकसारखी. 'जशीच्या तशी.' 'कडक थंडीत.' 'उघडलीसुद्धा नाही.' युगांडाच्या नाकाटोनं लिहिलं होतं, 'ताई, अगदी निर्मळ!' ताई हा एक शब्द प्रत्येकानं शिबिरातून उचललेला. पण नाकाटोच्या गावात दिवसातून अर्धा वेळ वीज नसते. तिथे कसली आलीय कडक थंडी?

हेमांगीनं कपाळावर हात मारला. चूक तिचीच होती. ही सगळी मुलं शिबिरात एकच गोष्ट घोकून गेली होती, की नळीत बाहेरचं काही शिरणं म्हणजे महापाप. आता आपल्या लाडक्या संस्थेसमोर कोण कबूल करणार, की आमची नळी नासली? त्यांना वाटत होतं परीक्षा चाललीय.

पण शिदोरीकरांची एक खोड तिला पक्की ठाऊक होती. शिबिराचा शेवट स्पर्धेनं व्हायचा आणि स्पर्धा म्हटली की हे लोक जेवणावरून उठून यायचे. तिनं दुसरा निरोप पाठवला : 'खुली स्पर्धा! सर्वांत बिघडलेली शिदोरी कुणाची? गचाळपणाला जास्तीत जास्त गुण. स्वच्छ नळीवाले बाद. बक्षीस, सावद्याच्या केळ्यांचे वेफर्स एक पोतं, केळी उरली तर.'

मग नाकाटोचा चेहरा पडद्यावर आला. तिच्या हातात एक बरणी होती आणि बरणीत हिरवट, केसाळ, बघवत नाही असं काहीतरी होतं.

"ताई, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "पहिल्याच उन्हाळ्यात वीज गेली. मरू द्यायला जीव होईना, म्हणून केळ्याच्या सालींचं पाणी घालत आले. आता सांगा, याहून घाण कुणाची आहे?"

झालं, बांध फुटला. आइसलँडच्या एकीनं गरम झऱ्याजवळच्या काचघरात शिदोरी वाढवली होती, माशांच्या रश्शावर. कुणी नारळपाणी घालत होता, कुणी शिळ्या भाताची पेज. एकाच्या नळीत मुंगी पडली होती आणि तो ते अभिमानानं दाखवत होता. जी माणसं कालपर्यंत शपथेवर सांगत होती ती आता एकमेकांशी भांडायला लागली, की माझीच जास्त नासलीय. हेमांगीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

शेवटी फिलिपिन्सची लिगाया आली, खालमानेनं. "मी स्पर्धेत नाही, ताई. माझी इतकी बिघडली की लाज वाटली. कधीच परसात ओतून टाकली."

"परसात कुठे?"

"स्वयंपाकघरामागच्या केळीत."

"दाखव बरं."

लिगायानं कॅमेरा घेऊन मागचं दार उघडलं. चहूकडे केळी पिवळ्या पडून माना टाकून उभ्या होत्या. मधोमध एकच बेट हिरवंगार होतं आणि त्यावर हातभर लांब घड लोंबत होता.

"या अल्ला!" नजमा खुर्चीवरून ताडकन उठल्या. "लिगाया, त्या मुळाजवळची माती उचल. आत्ता, या क्षणाला!"

मग कामाला तोटा राहिला नाही. प्रत्येक शिदोरीकरानं आपल्या बरणीतला जीवाणू गाळून वेगळा केला, माणसांना नि गुरांना निर्धोक असल्याची खात्री केली आणि जनुकवाचकातून काढलेली त्याची जनुकलिपी सावद्याला पाठवली. सावद्यातल्या जनुकछपाई यंत्रानं त्यातली हत्यारं पुन्हा घडवून मूळरक्षकाच्या पेशीत बसवली. नजमांनी कुंड्यांमध्ये केळीची रोपं लावून त्यांवर नवी बुरशी सोडली. स्वच्छ नळ्यांची रोपं मेली. पण बिघडलेल्या नळ्यांपैकी कितीतरींची रोपं ताठ उभी राहिली, आणि जितकी नळी गचाळ तितकं रोप तजेलदार. भलत्यासलत्या बुरशींशी झुंजून ते जीवाणू पट्टीचे पैलवान झाले होते.

हेमांगी त्या हिरव्या कुंड्यांमध्ये उभी राहिली आणि चक्क नाचली. महिनाअखेर आली आणि गेली, विभाग बंद करायची आठवण कुणी काढली नाही.

घारपुरे स्वतः कुंड्या बघायला आले. "मी चुकलो, फिरके मॅडम," ते सरळ म्हणाले. मनाचा मोठेपणा होता हो त्यांच्याकडे. "आता यातला सर्वांत उत्तम निवडू. लिगायाचा. कारखान्यात वाढवू आणि जगभर पाठवू."

"सर, ते करून बघितलं मी," नजमा म्हणाल्या. "एका खोलीतल्या सगळ्या कुंड्यांना एकटा लिगायाचा जीवाणू दिला. काही आठवड्यांत बुरशीनं वाट काढली."

"मग सगळ्यांचं मिश्रण करू. एक प्रमाणित मिश्रण."

"तेही केलं. सगळ्या कुंड्यांत तेच मिश्रण म्हटल्यावर बुरशीला वेळ जास्त लागला, पण तीही शिकली. तगली ती फक्त तिसरी खोली. तिथे प्रत्येक कुंडीत वेगळा जीवाणू आहे. बुरशी एका कुंडीत जे शिकते, ते शेजारच्या कुंडीत कामाला येत नाही. तिथे तिला पुन्हा पहिलीपासून सुरुवात."

घारपुरे तिसऱ्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. "म्हणजे औषधाचं सूत्र निघणारच नाही," ते हळूहळू म्हणाले. "सूत्र निघालं, की ते सगळीकडे सारखं होणार. म्हणजे कारखाना हाच धोका आहे."

"हो सर," हेमांगी म्हणाली. "औषध कारखान्यात होणार नाही. गावोगाव माणसं लागतील, प्रत्येकाची बरणी वेगळी. आणि तशी माणसं आपल्याकडे आहेत."

उभ्या हयातीत बांधलेला कारखाना घारपुरेंनी स्वतः सही करून बंद केला आणि तिथली माणसं हेमांगीच्या विभागाला दिली. हंगाम लागेपर्यंत शिदोरीकरांचा नुसता पूर लोटला. शाळेतल्या बाई, खानावळीवाले, बागवान, ज्याला बरणी आणि चार गोष्टी शिकायची इच्छा असेल तो शिदोरीकर. प्रत्येक गावात आपापल्या बरण्या, त्या तपासायला जवळचा जुना विद्यार्थी, आणि तपासणीत उतरल्यावरच जीवाणू मातीत ओतायचा. रोग आला, गावोगाव धडका मारत फिरला आणि थकला. नाकाटोच्या घरी रोजचं जेवणच केळ्याचं. तिनं भरल्या ताटाचा फोटो पाठवला. हेमांगी तो फोटो हातात धरून रडली.

मग देशोदेशीची सरकारं मागे लागली. कार्यपुस्तिका द्या, जीवाणूला नेमकं काय घालायचं ते लिहून द्या. हेमांगी लिहायला बसली आणि तिचा हात थांबला. सगळ्यांनी सगळं एकमेकांना सांगावं, हेच तर ती आयुष्यभर शिकवत आली होती. तिनं मन घट्ट केलं आणि एकच नियम कळवला : तपासणीचे निकाल सांगा, अडचणी सांगा, सुखदुःख सांगा. बरणीत काय घालता, तेवढं मात्र कुणाला सांगू नका.

पुढच्या शिबिराच्या निरोपाला रांगेच्या टोकाशी घारपुरे उभे होते. ते आता निवृत्त झाले होते. हेमांगीनं त्यांच्या हातावर शिदोरी ठेवली.

"हिला खायला काय घालू?" त्यांनी विचारलं.

नाचणीचं आंबील, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं जीभ चावली. "मला विचारू नका, सर. मी सांगितलं तर तुम्ही तेच घालाल."

"अहो, पण पद्धत? प्रमाण? चुकलं तर?"

"चुकू द्या."

घारपुरे नळीकडे बघत गेले. त्यांचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा झाला होता.

वर्षभरानं नजमांनी जगभरच्या बरण्यांचे निकाल मांडले. त्यात एक जीवाणू असा निघाला, की नवी-जुनी कुठलीही बुरशी त्याच्यासमोर टिकेना. बरणी घारपुरेंची होती. नजमांना राहवेना. हेमांगी नको नको म्हणत असताना त्यांनी फोन लावलाच.

"सर, कमाल केलीत! काय घातलंत हो हिला?"

पलीकडून आधी खळखळून हसू ऐकू आलं. सर असे हसू शकतात हे दोघींनाही माहीत नव्हतं.

"नाही सांगणार!" जन्मभर कृती लिहून काढलेला तो माणूस म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवून दिला.