आठ मिनिटं अकरा सेकंद

राजापूरहून एसटीनं अर्धा तास गेलं की रस्ता चढून सड्यावर, उघड्या कातळी पठारावर, येतो. वर नुसता काळपट कातळ, वाळलेलं गवत आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला समुद्राची करडी रेघ. मोबाइलला रेंज नाही, विजेच्या तारा नाहीत. शमिका तांबेला नेमकं हेच हवं होतं. ती राजापूरच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. जानेवारीपासून दर रविवारी सकाळी ती इथं चार बांबू उभे करून तांब्याची तार ताणायची. तारेचं टोक रेडिओला, रेडिओ लॅपटॉपला. ती सूर्य ऐकत होती.

वर्गात ती सांगायची, "सूर्यावर डाग असतात तिथं चुंबकीय बल प्रचंड असतं. तिथून कधीकधी इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो आणि चुंबकीय रेषा धरून बाहेर धावतो. वाटेतला तापलेला प्लाझ्मा त्यानं थरथरतो, आणि त्या थरथरीतून रेडिओलहरी निघतात. इथं पोचायला त्यांना आठ मिनिटं लागतात. त्यांच्याआधी तिथली कसलीही खबर आपल्याला लागत नाही."

स्पीकरवर तो लोंढा लाट वाळूवर पसरावी तसा ऐकू यायचा.

सड्यावर आप्पा गुरं आणायचे. वय सत्तरीच्या पुढे. विशीत विहिरीच्या सुरुंगानं दोन्ही कान गेले होते, समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणं समजे. ते शमिकापासून दहा पावलांवर बसत, उजवा तळवा कातळावर टेकवून. मध्येच म्हणत, "आला." एखादा बैल परत आला असेल, असं तिला वाटे.

एका संध्याकाळी घरी ती जानेवारीची रेकॉर्डिंग तपासत होती. लाटेच्या आधी कुठंतरी लॅपटॉपच्या माइकवर आप्पांचा आवाज उमटला होता. "आला." दुसऱ्या फाइलमध्येही तसंच. तिसऱ्या वेळी तिनं वही ओढली आणि वेळा मांडल्या. "आला" आणि लाट यांच्यात दर वेळी आठ मिनिटं अकरा सेकंद होते.

पुढच्या रविवारी ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "आप्पा, काय येतं?"

"मना काय म्हाईत, बाय. हाताला कलता. माज्या बापसालापन कलायचा."

"कातळ हलतो?"

त्यांनी जरा विचार केला. "हलत नाय. कातल फकस्त सांगता."

तिनंही तळवा टेकवला. कातळ तापला होता, एवढंच तिला कळलं.

विनीत तिचा वर्गमित्र, पुण्यात संशोधन करायचा. त्यानं फोनवर सांगितलं, "घड्याळ तपास." तिनं तपासलं. स्पीकर लांब नेला, लॅपटॉप झाकला, आप्पांना पाठमोरं बसवलं. फरक पडला नाही. मात्र एप्रिलमध्ये अंतर आठ मिनिटं एकोणीस सेकंदांवर गेलं, मेच्या सुरुवातीला तेवीसवर. तिनं आलेख पाठवला. विनीतचा फोन आला.

"जानेवारी ते मे पृथ्वी सूर्यापासून दूर सरकते," तो म्हणाला. "प्रकाशाला तेवढेच बारा सेकंद जास्त लागतात."

"माहीत आहे."

"त्या आप्पांना माहीत आहे?"

"सूर्य किती लांब आहे तेसुद्धा त्यांना माहीत नाही."

त्यानंतर विनीतनं चूक शोधायला सांगितलं नाही. तीही कुणाला काही बोलली नाही. नोकरी कायम व्हायची होती, आणि सांगायचं तरी काय? पण रविवारची ती एखाद्या सणासारखी वाट बघू लागली. आप्पा "आला" म्हणत, आणि ती भर उन्हात घड्याळ हातात धरून उभी राहायची. आता ती लाट बुधाच्या कक्षेपाशी असेल. आता शुक्राच्या. अख्ख्या पृथ्वीवर कुठल्याच यंत्राला जे अजून कळलेलं नाही, ते या ओसाड सड्यावर दोन माणसांना ठाऊक आहे. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग स्पीकर उसळायचा.

मेच्या शेवटच्या रविवारी ऊन मऊ होतं. पश्चिमेला ढग जमले होते. आप्पांनी नेहमीसारखा हात टेकवला आणि लगेच उचलला. पुन्हा टेकवला. मग दोन्ही हात.

"आला?" तिनं विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "थांबला."

"सूर्य?"

"सूर्याचा नाय गो. त्याच्या मागं दुसरा असता ना, बारीक, सारका चालू. त्यो थांबला."

"कधीपासून चालू होता?"

"कवा नव्हता?"

सवयीनं तिनं घड्याळ लावलं. आठ मिनिटं गेली. पंधरा गेली. स्पीकरमधून नेहमीची मंद खरखर येत होती.

त्या खरखरीकडे तिनं आजवर लक्ष दिलं नव्हतं. ती सूर्याची नव्हती. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या अगणित इलेक्ट्रॉनांची ती होती. काही लहरी जवळून, वर्षभरापूर्वी निघालेल्या, काही शेकडो वर्षांपूर्वी, काही हजारो. मुलांना तिनं हे कित्येकदा फळ्यावर लिहून दिलं होतं.

तिनं आवाज वाढवला. खरखर होती तशीच होती.

ती तशीच असणार होती, हे तिच्या लक्षात आलं. तिकडे सगळं थांबलं असलं, तरी आधी निघालेलं अजून वाटेत होतं.

आप्पा उठले. त्यांनी तळवे धोतराला पुसले आणि गुरं हाकली.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात तिनं पुन्हा बांबू उभे केले. आप्पा यायचे, पण कातळावर घोंगडी अंथरून तिच्यावर बसायचे, हात मांडीवर ठेवून. तिनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "हात ठेवला की खाली पोकल लागता, बाय."

त्या खरखरीची पातळी ती आता दर रविवारी नोंदवते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस आलेखावरची रेघ केसभर खाली आली. तिनं तार बदलली, रेडिओ बदलला. विनीतला न सांगता पुण्याच्या एका मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या जाहीर नोंदी उतरवून घेतल्या.

त्यांचीही रेघ तेवढीच खाली होती.