एकच प्रत

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण माझ्या मावशीला थापा मारायची सवय नाही.

शनिवार होता. भर दुपार. मावशी तिच्या रेकॉर्डच्या दुकानात एकटीच होती.

दुकान म्हणजे गावातल्या गाणाऱ्या बायकांचा अड्डाच. वीस वर्षांपूर्वी मागच्या खोलीत त्यांनी स्वतःची एक रेकॉर्ड कापली होती, म्हणजे गाणं थेट तबकडीवर कोरून घेतलं होतं. एकच प्रत. गायली होती एक नर्स. पुढच्याच वर्षी ती गेली, तान्ही पोर मागे ठेवून.

ती प्रत एका गिऱ्हाइकाने "एक दिवस ऐकतो" म्हणून नेली आणि गिळून बसला. दिली होती मावशीनेच.

त्याला सगळ्या चाटूकाका म्हणायच्या. बोटाला थुंकी लावून रेकॉर्ड पुसायचा, आणि नर्स गायला लागली की ओठांवरून जीभ फिरवत बघत बसायचा. शी!

गेल्या महिन्यात तो मेला. सुनेने त्याचा रेकॉर्डचा खोका दुकानात आणून आपटला. "न्या बाई हे. घरभर वास सुटलाय."

खोक्यात ती प्रत होती. नर्सची मुलगी पाच वाजता येणार होती. आईचा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

रेकॉर्ड चिकट होती. मावशीने नेहमीसारखा तिच्यावर पांढरा गम पसरला. गम वाळला की अख्खा पापुद्रा निघतो आणि खाचांतली घाण घेऊन येतो.

पापुद्रा निघाला...

खालून ओला. कोमट.

आणि त्यावर ठसा होता. बोटाचा नव्हे. रुंद, बारीक पुटकुळ्यांचा...

जिभेचा.

मावशीने तो पापुद्रा कचऱ्यात फेकला, तीनदा साबणाने हात धुतले. रेकॉर्ड पुसायला घेतली, तोच मुलगी दारात.

"मावशी, मिळाली ना? लाव ना गं!"

नाही कसं म्हणणार?

सुई टेकली. आवाज आला... स्वच्छ, तरुण. मुलगी तोंडावर हात धरून रडायला लागली.

मग गाण्याच्या मागून...

चप्.

चप्. चप्.

कुणीतरी काहीतरी चाटत होतं. सावकाश, चवीने. प्रत्येक फेऱ्याला जवळ येत. मुलीकडे बघून मावशीने सुई उचलली नाही.

अचानक गाणं थांबलं.

"शी... काका, सोडा मला."

त्याच आवाजात.

मावशीने झडप घालून सुई उचलली. सुईच्या टोकाला लाळेची तार लोंबत होती.

रेकॉर्ड कापताना मावशी त्याच खोलीत होती. असं कुणी काही बोललं नव्हतं.

"आई कुणाला म्हणाली गं?" मुलीने डोळे पुसत विचारलं.

"पेटी वाजवणाऱ्याला. चेष्टेत," मावशी म्हणाली. तिने मारलेली ही पहिली थाप.

मुलगी दर शनिवारी येते. "एकदाच लाव ना," म्हणते. मावशी म्हणते, सुई बिघडलीय.

मी मावशीला म्हटलं, फोडून टाक ती घाण.

ती म्हणाली, "आणि ती? ती पण आत आहे ना. त्याच्याजवळ."