रुसलेला खांदा

तो माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये पेशंट म्हणून आलाच नव्हता. गुडघे दुखतात म्हणून मावशीला घेऊन आला होता. निघताना मावशी म्हणाल्या, "वरच्या खुंटीवरची पिशवी घे रे," आणि त्याने डावा हात वर केला. उजवा तसाच लोंबत राहिला.

"उजव्याला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही... खांदा रुसलाय. चार महिने झाले."

"मग समजूत काढायला हवी. सोमवारी या."

तो चित्रकार होता. भिंतीएवढ्या कॅनव्हासवर रंगांचे लांबच लांब फटकारे — त्यासाठीच लोक त्याला ओळखत. आता हात वर जात नव्हता, आणि प्रदर्शन तीन महिन्यांवर आलं होतं.

"लहान काढा की," मी म्हटलं. "कोपर टेबलावर टेकवून, पेन्सिलीने."

"काय काढू?"

"समोर दिसेल ते."

समोर क्लिनिकच्या बाकावर माणसंच होती. मान अवघडलेले ड्रायव्हरकाका, कुबडीवर हनुवटी टेकून पेंगणाऱ्या शिक्षिकाबाई. तो बिचकत काढू लागला.

"माझी ताई, म्हणजे याची आई, गेल्यावर तिचा चेहरा काढायला बसला होता," मावशींनी मला हळूच सांगितलं. "जमेना. तेव्हापासून माणसंच सोडली त्याने. नुसते रंग."

मी मलमाच्या वासात रोज त्याचा खांदा फिरवत राहिले.

एका दुपारी त्याने वही पुढे केली. पानोपानी मीच. पट्टी गुंडाळताना, केस कानामागे सारताना, कपाळाला आठ्या घालताना.

"इतकी चिडकी दिसते मी?"

"आठ्या असल्या की काढता येतं. हसलात की... पेन्सिल थांबते."

मी पाणी प्यायला उठले. तहान मुळीच नव्हती.

गॅलरीच्या बाईंना मोठे कॅनव्हास हवे होते, तरी प्रदर्शनात त्याने ती छोटी चित्रंच लावली. कोपऱ्यातल्या एका चेहऱ्यासमोर मावशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. "आमची ताईच," एवढंच म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

तो माझ्याजवळ आला. त्याचे डोळे भरले होते.

"आई परत दिसायला लागली मला. तुमचे आभार कसे मानू?"

"मानू नका. आधी ते 'तुम्ही' सोडा."

तो गडबडला. त्याने गर्दीकडे पाहिलं, बोटांवरच्या शिशाच्या डागांकडे पाहिलं.

"मग... तू जेवलीस?"

सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. मी नाही म्हणून मान हलवली, आणि त्याने उजवा हात पुढे केला.