ढब्बू का चावला?

"कुत्रा पिसाळलाय! दोघांना चावला. मारायचं इंजेक्शन घेऊन लगेच या," कारखान्याचे मॅनेजर फोनवर ओरडले आणि फोन आपटला.

जनावरांची डॉक्टरीणबाई गेली खरी, पण फणफणतच. न तपासता जीव घ्यायला ती काय खाटीक होती?

कारखाना लाकूड कापायचा. करवतीच्या आवाजानं कान किटले. कामगारांच्या कानात कापसाचे बोळे होते, मॅनेजरांच्या कानात मात्र हिरवी, मऊ फोमची बुचं.

"मलाही द्या एक जोडी," ती म्हणाली.

"छे! घरून आणतो मी. कपाटात कुलूप लावून ठेवतो, कुणाला एकही देत नाही."

कसला चिक्कू माणूस, असं ती मनात म्हणाली.

आवाराच्या कोपऱ्यात ढब्बू साखळीला बांधलेला. त्याच्यापुढे म्हातारा राखणदार काठी रोवून उभा होता. सगळे त्याला काका म्हणत.

"आधी मला मारा. आठ वर्षं पोरासारखा सांभाळलाय त्याला."

"काका, मारायला नाही, तपासायला आलेय. पाणी पितो?"

"भांडं भरून."

"लस?"

काकांनी खिशातून कार्ड काढलं. दरवर्षीची नोंद होती.

"पहिल्यांदा चावला कधी?"

"तेरा दिवस झाले. करवतीवरच्या मिस्त्रींना." काकांनी बाजूला ओंडक्यावर बसलेल्या मिस्त्रींकडे बोट दाखवलं.

"मग पिसाळलेला नाही. एवढे दिवस तगलाच नसता. तरी मिस्त्री, तुम्ही लस घेताय ना?"

"घेतोय बाई." मिस्त्रींनी मनगटाची पट्टी दाखवली. "ढब्बूच्या गळ्यात पट्टा चढवत होतो. उजव्या कानाला हात लागला आणि खसकन धरलं. मग बिचारा शरमून बसला."

"आणि साहेब, तुम्हाला?"

"काल. नुसता फाटकातून जात होतो! मी कुत्र्यांना शिवतही नाही. अंगावर धावून आला. ह्या म्हाताऱ्यानंच छू केलं असणार. ह्याला बरा चावत नाही!"

मॅनेजरांच्या दोन बोटांची टोकं पट्टीत होती. तिनं ती नीट पाहून घेतली.

"मी गळ्याखालीच खाजवतो," काका चिडून म्हणाले. "हल्ली डोक्याला हात लावू देत नाही. सारखं डोकं झटकतो, मान तिरकी धरतो."

तिनं पिशवीतून सुई काढली. काका काठी आडवी धरून पुढे झाले.

"गुंगीचं आहे, काका. मरणाचं नाही."

ढब्बू झोपला. उजव्या कानाला कुबट वास येत होता, आत पू. तिनं चिमटा घातला आणि हळूहळू एक फुगलेला, चिकट गोळा बाहेर ओढला. तो पुसल्यावर खालून हिरवा रंग दिसला.

सगळ्यांच्या माना मॅनेजरांकडे वळल्या.

"कुणीतरी... चोरलं असेल माझं," ते चाचरले.

"कुलूप तोडून? करवत सुरू झाली की ढब्बू रडत असणार. हो ना, काका?"

"रोज सकाळी. साहेबांना फोनवर ऐकू यायचं नाही, म्हणून शिव्या घालायचे."

"करवत ऐकू आली नाही तर रडणार नाही, म्हणून त्याच्या कानात बुचं कोंबलीत. डावीकडचं झटकून पडलं असेल, उजवीकडचं आत सरकलं आणि कान सडला. दुखऱ्या कानाला हात लागल्यावर कुत्रा चावणार नाही तर काय मुका घेणार? मिस्त्रींना चावल्यावर तुम्ही घाबरलात. काल ते काढायला गेलात. अंगावर धावून आलेला कुत्रा पाय धरतो हो, बोटांची टोकं नाही. जमलं नाही, तेव्हा पुरावा कुत्र्यासकट पुरायचं ठरवलंत."

"तुमची तक्रार करीन मी! कुत्रा आजच्या आज जाईल!"

"खुशाल करा. बूच आणि माझा अहवाल कारखान्याच्या मालकांकडे जाणार. औषध घातलं की पंधरा दिवसांत कान बरा होईल. ढब्बू कुठेही जाणार नाही."

मिस्त्री उठले. पट्टी बांधलेल्या हातानंच त्यांनी करवतीचं बटण बंद केलं. आवारात एकदम शांत झालं. एकेक कामगार बाहेर येऊन उभा राहिला.

"ए, मशीन का थांबवलं?"

"चावला मला," मिस्त्री म्हणाले, "आणि मी सांगतो त्याची चूक नव्हती. आता तुम्ही सांगा, चूक कुणाची. तोवर करवत फिरणार नाही."

मॅनेजरांनी सगळ्यांकडे पाहिलं. एकही माणूस हलला नाही. शेवटी ते खाली मान घालून पुटपुटले, "चूक माझी होती."

काकांनी काठी आपटली.

"मोठ्यानं!"