डॅशबोर्डवरचा निळा थेंब

आदिनाथला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो झोपला होता. ऑफिसात, खुर्चीत ताठ बसून, माऊसवर हात ठेवून! आणि त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

दोन पावसाळे कोरडे गेलेले. एप्रिलचं ऊन. कूलरमध्ये ओतायला पाणी नाही, सगळं ऑफिस घामानं चिकट झालेलं… आणि हा माणूस भिजून आलेला. मी स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसले. माझं कामच ते होतं. वाळूजच्या त्या कारखान्याच्या ऑफिससाठी आमची छोटीशी कंपनी डॅशबोर्ड बनवत होती. सकाळी कॉम्प्युटर उघडला की ज्याचं त्याचं दिवसाचं काम एका पडद्यावर दिसलं पाहिजे. तो बनवण्याआधी लोक काम कसं करतात, ते मी शेजारी बसून बघायचं. लोक झोपतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मॅडम, बघून झालं का?" डोळे न उघडताच तो म्हणाला.

"घोरायची वाट बघतेय."

एक डोळा उघडला. "मी घोरत नाय."

"बरं, हेही लक्षात ठेवते."

तो हसला… आणि हसता हसता त्याला जांभई आली. ती बघून मला आली. मीही पहाटेपासून जागीच होते. लोकांची नजरानजर होते म्हणतात, आमची जांभयांची देवाणघेवाण झाली!

आदिनाथ माल पाठवायच्या विभागात होता. कुठली गाडी सुटली, कुठली अडकली, ते बघायचा. मी रोज त्याच्या शेजारी बसू लागले. खरं तर हिशेबाच्या विभागात जास्त बसायला हवं होतं, पण तिथला पंखा बंद होता. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

"सकाळी आल्या आल्या तुम्हाला पडद्यावर काय दिसायला हवं?" मी विचारलं.

"अडकलेल्या गाड्या." तो थांबला. कान लाल झाले. "आन्… आज तुम्ही येणार का नाय, ते."

"ते डॅशबोर्डवर बसत नाही."

"मग कसला डॅशबोर्ड तो!"

मी मान खाली घातली, पण हसू काही आवरेना.

ओल्या पँटचं गुपित त्यानंच सांगितलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हर्सूलला, आवडाबाई नावाच्या म्हातारीकडं तो भाड्यानं राहायचा. नळाला पाच-सहा दिवसांतून एकदा पाणी, तेही बारीक, वर चढायचं नाही. म्हणून नळ खाली खड्ड्यात घेतलेला. पाण्याच्या दिवशी हा खड्ड्यात उतरून डबे भरून वर द्यायचा. आधी आवडाबाईचे, मग शेजारच्या एकट्या म्हाताऱ्यांचे, शेवटी स्वतःचे. ते आवरून वाळूजला पोचेपर्यंत उशीर व्हायचाच.

"माझा आजा मेंढरं घेऊन पाण्यामागं हिंडायचा, खुलताबादच्या डोंगरानं," तो म्हणाला. "मी नळामागं हिंडतो. सुधारणा हाय की!"

आमच्या पुंडलिकनगरात तरी काय वेगळं होतं? आईची कंबर गेलेली, म्हणून पाईप ओढायची, टाकी भरायची मी. तेही सांगितलं त्याला. तो माझ्या हातांवरच्या घट्ट्यांकडं बघत राहिला. मी हात ओढणीत लपवले. मग तो म्हणाला, "कायम झालो ना, की एक गोष्ट बोलायचीय तुमच्याशी."

तीन वर्षं तो कंत्राटावर होता. या उन्हाळ्यात कायम होणार, असं सगळे म्हणत होते. कसली गोष्ट, ते मी विचारलं नाही. घरी जाताना शेअर रिक्षात मात्र एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

आणि मग त्या ऑफिसच्या मॅनेजरनं, सर्जेराव साहेबांनी, घोळ घातला. "हजेरी पण टाका पडद्यावर," ते म्हणाले. "उशिरा येणाऱ्याचं नाव लाल. आणि जास्त वेळा लाल झालेली नावं वेगळी काढून द्या, कायम करताना बघू."

मी वाद घातला. पण दमलेल्या माणसाचा वाद किती टिकणार? साहेबांनी भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि पुढच्याच पाण्याच्या दिवशी त्यावर पहिलं नाव लाल झालं… आदिनाथचं.

"छान दिसतंय," तो माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला. "लाल रंग लई उठून दिसतो."

तो चेष्टा करत होता, आणि मला रडू येत होतं. माझ्याच हातानं त्याची नोकरी चालली होती. आणि ती बोलायची राहिलेली गोष्टही.

पुढच्या आठवड्यात पुंडलिकनगरला पाणी आलं, भर सकाळी. टाकी भरून मी धावतपळत ऑफिसात पोचले तर साहेब टीव्हीपुढं कमरेवर हात ठेवून उभे. अख्खा हिशेब विभाग लाल! चहा करणाऱ्या कडूबाई लाल. साहेबांना सकाळपासून चहा नव्हता.

"संप आहे का आज?" ते माझ्यावरच ओरडले.

"नाही साहेब. पुंडलिकनगरला पाणी आलंय, हे सगळे तिकडचेच. ही बघा, मीपण भिजलेय." मी ओढणीचं टोक पिळून दाखवलं. "तुमच्या बंगल्यावर टँकर येतो. यांच्याकडं नळ येतो, तोही त्याच्या मर्जीनं. कामचुकार नाहीत हो ही माणसं. दमलीत!"

साहेब ओढणीतून टपकणाऱ्या पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "फरशी ओली करू नका. आणि करा काय करायचं ते. पण तेवढं काम संध्याकाळी भरून काढायचं!"

मी केलं. प्रत्येकानं आपला भाग निवडायचा. भागात पाणी आलं की तिथल्या कुणीही एकानं फोनवर 'पाणी आलं' हे बटण दाबायचं. मग त्या भागातल्या सगळ्यांच्या नावापुढं निळा थेंब, आणि थेंब असला की उशीर झाला तरी नाव लाल नाही. आधीचे लालही पुसले. डॅशबोर्ड नव्यानं सुरू झाला, पुढचे कितीतरी दिवस कुणी लाल झालं नाही, आणि माझं तिथलं काम संपलं.

शेवटच्या दिवशी आदिनाथच्या टेबलापाशी उगाच रेंगाळले. "काहीतरी बोलायचं होतं ना तुम्हाला?"

तो खाली बघत राहिला. "कायमचं पत्र अजून नाय आलं, मॅडम…"

"बरं," म्हटलं आणि निघाले. असा राग आला! पत्र येईपर्यंत माणसानं काय करायचं?

त्यानंतरचे दिवस नुसते रखरखीत गेले. मग एका पहाटे आमचा नळ फुसफुसला. अंग ठणकत होतं, उठवत नव्हतं. बिघाड झाला तर कळावा म्हणून डॅशबोर्ड अजून माझ्या फोनवर होता, तो सवयीनं उघडला. पुंडलिकनगरचे थेंब निळे झालेले… त्यात एक नाव आदिनाथचं!

मी फोन लावला. "अहो, तुमचं नाव चुकून आमच्या भागात दिसतंय."

"चुकून नाय. मी बदललं. हर्सूलचं पाणी आता संध्याकाळी येतंय. सकाळ मोकळी असते."

"म्हणून पुंडलिकनगर? …कुठं आहात तुम्ही?"

"तुमच्या फाटकापाशी. लई वेळचा. पत्ता आन् पाण्याचा दिवस हिशेबवाल्यांनी सांगितला. बेल वाजवायची हिंमत होईना."

मी विस्कटलेल्या केसांनी तशीच धावले. तो उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खांद्यावर पाईप.

"पत्र आलं?" मी विचारलं.

"नाय. येईल तवा येईल. तुम्ही एकट्यानं टाकी भरायची आन् मी पत्राची वाट बघत बसू व्हय?" त्यानं एक श्वास घेतला. "तुम्ही मला आवडता, सृष्टी. लई आवडता. …आधी पाणी भरू का? धार बारीक व्हायलीय."

"मलाही," मी म्हणाले. "कधीपासूनच."

आतून आईनं विचारलं, "कोण गं आलंय?"

"ऑफिसातले."

"ऑफिसातले पाणीपण भरतात?"

"हा भरतो, आई."

पाईपानं पाणी वर चढेना, म्हणून तो आमच्याही नळाच्या खड्ड्यात उतरला. डबे वर येऊ लागले, मी ते टाकीत ओतू लागले. चार-पाच झाल्यावर त्यानं माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि पायरीकडं बोट केलं. नळ चालू असताना मी कधी बसलेच नव्हते. बसले. बसताच मोठी जांभई आली, आणि खड्ड्यातून त्याचीही ऐकू आली.

"तुम्ही नको, तू म्हण," मी सांगितलं.

"मग तू पड जरा," तो म्हणाला. "मी हाय."