अप्पांनी फुंकलेला पाईप

मी भूतबित मानणारी बाई नाही. गॅरेज चालवते. आमच्याकडे काही बिघडलं की त्याला कारण असतं, आणि ते सापडलं नाही तर आपण नीट शोधलेलं नसतं.

तरीही हे घडलंय. माझ्यासमोर, माझ्याच गॅरेजमध्ये, रविवारी भर दुपारी. रात्रबित्र काही नव्हती. खोटं वाटत असेल तर इथेच थांबा, माझी हरकत नाही.

आम्ही स्पोर्ट्स कारची कामं करतो. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. गाडी अजून पळावी म्हणून इनटेक बदलायचाय, म्हणजे इंजिन ज्यातून हवा ओढतं तो पाईप. घरी बनवलेला बसवू की कंपनीचा तयार?

मी म्हणायची, तयार. फिल्टर बरोबर बसतो, डोक्याला ताप नाही.

माझे वडील, अप्पा, म्हणायचे, विकतचं दुखणं कशाला घेता? पाईप गाडीच्या मापाचा हवा, आणि ते माप हातालाच कळतं.

यावरून आम्हा बापलेकीची रोज जुंपायची.

अप्पांची एक खोड होती. पाईप जोडून झाला की सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं, एका टोकाला तळहात दाबायचा आणि दुसऱ्या टोकातून तोंडानं फुंकायचं. बुडबुडे आले की सांधा कच्चा. शेजारी कॉम्प्रेसर उभा असायचा, पण त्याला हात लावतील तर शपथ. शेवटी शेवटी छाती साथ देत नव्हती, खोकून खोकून जीव अर्धा व्हायचा. तरी फुंकायचे.

शेवटचा पाईप त्यांनी धाकट्यासाठी केला. धाकटा म्हणजे माझा भाऊ. ट्रॅकवर गाडी पळवणं, एवढं एकच वेड त्याला.

एका सकाळी अप्पा स्टुलावर बसलेले सापडले. गेलेले.

पाईपचं एक टोक ओठांना लागलेलं... दुसऱ्या टोकावर तळहात घट्ट दाबलेला.

मी तो हात सोडवायला गेले, तर धाकट्यानं मला मागे ढकललं. रडत रडत रबरी बुचं शोधून आणली. हात हळूहळू सरकवत एक टोक बंद केलं, मग ओठांकडचं.

म्हणाला, "ताई, अप्पांचा शेवटचा श्वास आहे आत. तो मी वाया जाऊ देणार नाही."

दुःखात माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

पुढे शर्यत जवळ आली. मी त्याच्यासाठी तयार इनटेक मागवून ठेवला होता, खोका समोर होता. पण तो हट्टाला पेटला, अप्पांचाच पाईप बसणार म्हणे. भावजय समजावून थकली. शेवटी मीच म्हटलं, बसव बाबा, पण माझ्यासमोर.

रविवार. गॅरेज बंद, शटर अर्धं खाली. त्यानं बुचं अगदी शेवटच्या क्षणी काढली, पाईप जोडला, गाडीत बसून चावी फिरवली.

इंजिन झकास चालू झालं. खरं सांगते, असा आवाज तयार पाईपचा येत नाही.

मग नेहमीची तपासणी. पाईपच्या तोंडावर तळहात दाबायचा. हवा तुटली की इंजिन बंद पडलंच पाहिजे. नाही पडलं तर कुठेतरी गळती आहे.

मी हात दाबला.

इंजिन चालूच.

दोन्ही हात दाबले...

चालूच.

सगळे सांधे तपासले. एकही कच्चा नाही. मग हवा येतेय कुठून?

पुन्हा तोंडावर हात ठेवला, आणि तेव्हा कळलं. इंजिन तळहाताला आत खेचतं. इथे मात्र हवा बाहेर येत होती.

कोमट. ओलसर. आणि तिला... लवंगेचा वास होता.

अप्पा खोकल्यासाठी दिवसभर लवंग चघळायचे.

कसंबसं म्हटलं, चावी बंद कर.

इंजिन बंद झालं.

हवा थांबली नाही.

आत... बाहेर... आत...

मध्येच अडखळायची, आणि नेमका तेव्हाच धाकटा खोकायचा. तो खोकला अप्पांचा होता. जन्मभर ऐकलाय मी, चुकणार नाही.

मी पाना घेतला आणि पाईप आवळून धरणारा क्लॅम्प ढिला केला. पाईप जरासा हलला... खोकला थांबला.

हुश्श करून वर बघितलं.

धाकट्याचं तोंड उघडं होतं. छाती हलत नव्हती. ओठ निळे पडत होते आणि हात काचेवर आपटत होता.

मी क्लॅम्प परत आवळला. कसा, कुणास ठाऊक. त्यानं मोठा श्वास घेतला.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. फुप्फुसं धडधाकट. म्हणाले, घाबरला असेल.

माझं मन मात्र मानेना. तो घरी झोपलेला असताना मी एकटी गॅरेजमध्ये गेले. म्हटलं, आता तो गाडीत नाही, काय व्हायचंय? हा पाईप काढायचा, विकतचा बसवायचा, विषय संपला. क्लॅम्प अर्धा सुटला आणि फोन वाजला. भावजय होती.

"ताई, ह्यांना श्वास येत नाहीये..."

पुढचं ऐकलं नाही. आधी पाना उलटा फिरवला.

तेव्हापासून ती गाडी जागची हललेली नाही. धाकटा ठीक आहे. जेवतो, हिंडतो, माझी खेचतो. शर्यतीचं नाव काढत नाही. अप्पांनी त्याला जपलंय की धरून ठेवलंय, मला माहीत नाही. स्वतःच्या बापावर असा संशय घ्यायची लाज वाटते. आणि रागही येतो, त्यांचाच.

एक गोष्ट मात्र मला कळते, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. तयार इनटेक असा गंजत नाही. अप्पांनी साधा लोखंडी पत्रा घेतला होता, हाताशी होता तो.

परवा पाईपच्या खालच्या बाजूनं हात फिरवला, तर बोटांना तांबूस भुकटी लागली. पत्रा तिथे कागदाएवढा पातळ झालाय. वेल्डिंग करायचं तर पाईप उतरवावा लागेल. मी वरून लेप लावतेय, रंग देतेय. पण ओल बाहेरून नाही, आतून आहे. गंज तिकडूनच खातोय.

काल संध्याकाळी धाकटा गॅरेजमध्ये आला, खुर्चीत टेकला. म्हणाला, "ताई, आजकाल जिना चढला की जरा दम लागतो गं."

मी म्हटलं, वजन वाढलंय तुझं, कमी कर.