नाव नंतर सांगू

माझी चार वर्षांची जोसी नुकतीच झोपली होती. घरात इतकी शांतता, की मी कॉफीचा कपसुद्धा टेबलावर टेकवायला घाबरत होते. आणि तळघरातून आवाज आला... धप्प. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. कपडे सुकवायच्या यंत्रात कुणी दगड घातल्यासारखा.

जोसीने डोळे उघडले. मी तणतणत खाली गेले.

यंत्रासमोर एक उंच, सावळा तरुण बनियनवर उभा होता. हात मागे बांधून, बाईंनी वर्गाबाहेर काढल्यासारखा.

"काय घातलंय आत?"

"कपडे."

"कपडे असे आपटतात?"

त्याने यंत्राचं दार उघडलं, एका पँटचा खिसा चाचपला आणि गरमगरम बेसबॉल काढून माझ्या तळहातावर ठेवला. "आणि हा. याला एका जागी बसायची सवय नाही."

"माझी मुलगी उठली याच्यापायी."

"मग मी झोपवतो तिला. मला सात भाच्या आहेत, गाणी येतात."

"गाणी नकोत. खिसे तपासत जा."

"तपासले असते तर तुम्ही खाली आला असता?"

चेंडू त्याच्या हातात कोंबून मी वर निघाले. अर्ध्या जिन्यात लक्षात आलं, की आपण हसतोय. तळहात अजून ऊबदार होता.

तो रुफिनो. डोमिनिकन देशातल्या बानी गावचा, आमच्या गावच्या धाकट्या बेसबॉल संघातला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. खालच्या मजल्यावरच्या सोबोताबाई दर उन्हाळ्यात एका खेळाडूला घरात ठेवून घेतात, गावातली बरीच घरं ठेवतात. यंदाचा हा. धाकटा संघ म्हणजे मोठ्या शहरातल्या फेरीमेन संघाची रोपवाटिका, आणि बापाकडून मला दोनच गोष्टी मिळाल्यात, चपटं नाक आणि फेरीमेन. जोसीचा बाप दोन वर्षांपूर्वी टल्साला कामाला गेला आणि तिकडेच रमला. फेरीमेन मात्र सोडून गेले नाहीत. नुसते हरत राहिले. एकोणीस वर्षं बाद फेरीचं तोंड पाहिलेलं नाही.

ज्या दिवशी रुफिनोच्या संघाला सुट्टी, त्या संध्याकाळी मागच्या पायऱ्यांवर रेडिओ लागायचा. मी मांडीवर वही घेऊन प्रत्येक चेंडू पेन्सिलीने मांडायचे. तो जोसीला केळं परतून खायला घालायचा आणि माझ्या वहीत डोकावायचा. मुद्दाम जरा जास्तच जवळून.

"इथं चुकलीस."

"मी चुकत नाही."

"मग हे काय?"

"काही नाही... तुझी सावली पडतेय कागदावर."

सावली काही हलायची नाही.

जुलै संपत आला तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत एकतीसला संपते. फेरीमेन पहिल्या जागेपासून साडेतीन सामन्यांनी मागे. आमच्याकडे चेंडू टाकणारे होते, पळणारे होते, पण तिसऱ्या बेसवरचा आमचा माणूस बॅट अशी फिरवायचा, जसा काही माश्या हाकलतोय.

"दोन पोरं द्या आणि एक खमका फटकेबाज आणा," मी रेडिओलाच बजावलं. "म्हातारा असला तरी चालेल. दोन महिन्यांचं तर काम आहे."

"पोरं म्हणजे कुठली?" रुफिनोने विचारलं.

"कुठलीही. धाकट्या संघातली. पोरं काय, दरवर्षी येतात."

जोसीच्या हनुवटीवरचं तूप पुसता पुसता त्याचा हात थांबला. "मी पण दरवर्षी येतो?"

"तू..." मी वहीत डोकं घातलं. "तुझं वेगळं."

"वेगळं म्हणजे कसं?"

"खेळ ऐकू दे मला."

एकतीस तारखेला बातमी आली. मॅकॉले येतोय, या हंगामात एकवीस होमरन मारलेला तिसऱ्या बेसवरचा माणूस. मी जोसीला उचलून अंगणभर नाचले. मग निवेदकाने बदल्यात काय दिलं ते वाचलं. एक राखीव पिचर, आणि एक खेळाडू, ज्याचं नाव नंतर सांगू.

असं असतं आमच्याकडे. समोरच्या संघाला नावांची एक यादी देतात. ते आठवडेच्या आठवडे फिरतात, बघतात, निवडतात. लहानपणापासून ऐकलेले शब्द होते, त्यांच्या आत माणूस असतो असं कधी मनातच आलं नव्हतं.

मी वर पाहिलं. रुफिनो नाचत नव्हता.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मैदानात, बरोबर चेंडू पकडणाऱ्याच्या मागच्या रांगेत, गवती हॅटवाला एक माणूस येऊन बसला. मांडीवर वेग मोजायचं यंत्र. रुफिनो चेंडू टाकायला आला की तो लिहायचा, दुसरा कुणी आला की शेंगदाणे सोलायचा.

त्या दिवसापासून मी, बापाने खेळ शिकवलेली मी, देवाकडे मागायला लागले की याचे चेंडू भरकटू देत.

पुढच्या सामन्याच्या दिवशी सकाळी तो पायऱ्यांवर येऊन बसला. गवत नुकतंच कापलं होतं, ओला हिरवा वास सगळीकडे.

"हॅटवाला आज शेवटचं बघणार म्हणे," तो म्हणाला. "त्यांच्याकडे डावखुरे नाहीत. तिकडे गेलो तर वर्षभरात मोठ्या संघात जाईन."

"आणि नाही गेलास तर?"

"तर इथेच. सोबोताबाईंचं बटाट्याचं सूप, आणि... तू." त्याने चेंडू या हातातून त्या हातात केला. "नोरीन, आज कसा टाकू?"

एवढंच विचारलं त्याने. मी 'वाईट टाक' म्हटलं असतं तर त्याने वाईट टाकला असता, हे मला त्याच्या झुकलेल्या मानेवरून कळत होतं. तेवीस वर्षांचा होता. त्यातली चार वर्षं असल्याच गावांत, लोकांच्या तळघरांत कपडे सुकवण्यात गेलेली.

"जोरात टाक," मी म्हटलं. "बाहेरच्या कोपऱ्यावर. तुझा आतला चेंडू सुटतो."

तो चेंडू खिशात घालून माझ्याकडे वळला. "हेच सांगायचं होतं?"

"नाही."

"मग काय?"

"आता विचारू नकोस. मी सांगितलं तर तुझा हात हलका पडेल."

"तो कधीच पडलाय," तो म्हणाला, आणि माझ्या गालावर चिकटलेली गवताची काडी त्याच हाताने काढली. डाव्या.

त्या दिवशी त्याने नऊ जणांना बाद केलं. हॅटवाला सातव्या डावातच उठून गेला. बघायचं काही उरलं नव्हतं.

नाव सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सांगितलं. मंगळवारी सकाळी रुफिनोला ओरेगनला, त्यांच्या धाकट्या संघाकडे निघायचं होतं. सोबोताबाईंनी सँडविच बांधून दिले आणि डोळे पुसायला आत गेल्या. जोसी त्याच्या बॅगेवर बसून राहिली, उठेचना.

"मीच मागितलं होतं," मी म्हटलं. "कुठलीही दोन पोरं द्या म्हणून."

"तुझं ऐकून नाही केलं त्यांनी."

"माहीत आहे. तरी."

"आता अर्ध्या सामन्याने पुढे आहेत तुझे लोक," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "बाद फेरी बघशील."

"रुफिनो, मला बाद फेरी नको होती." मी त्याच्या शर्टाची बाही धरली. "म्हणजे हवी होती. पण तू इथे, वहीवर सावली पाडत बसलेला... तसा हवा होतास. मला तूच हवा आहेस."

त्याने माझं कपाळ त्याच्या छातीशी धरलं. शर्टाला आमच्याच तळघरातल्या साबणाचा वास होता. "तिकडे दोन तास मागे असतं घड्याळ," तो केसांत बोलला. "तू वही मिटलीस की फोन कर. माझा सामना सुरू व्हायचा असेल."

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत जोसी हात हलवत होती.

दुपारी सामना होता. लावायचा नाही म्हणता म्हणता मी रेडिओ लावला. वही उघडली नाही. तिसऱ्या डावात मॅकॉलेने चेंडू थेट नदीकडच्या भिंतीपलीकडे धाडला. खालून सोबोताबाईंनी टाळ्या वाजवल्या, समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं. अख्ख्या रस्त्यावर आनंद होता.

जोसी माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. फेरीमेनच्या घरातली पोर ती, अदलाबदल म्हणजे काय ते तिला कळतं. तिने थोडा वेळ रेडिओ ऐकला, मग माझ्याकडे वळून, अगदी हिशेबी गंभीरपणे विचारलं,

"आई, रुफिनोच्या बदल्यात आपल्याला कोण मिळालं?"